खाडीकाठच्या गाडीला विंच घेताना

सिंधुदुर्गातल्या आरोंद्यात गाडी रुतायला घाट चढावा लागत नाही. पावसाने जोर धरला की मळ्यांतल्या पाणंदी चिखलाने भरतात, सड्यावरून उतरणाऱ्या घाट्यांची तांबडी माती चाकाखालून सरकू लागते, आणि खाडीकडच्या खाजणात तर बारा महिने जमिनीचा भरवसा नसतो. वर सुकलेला पातळ पापुद्रा आणि खाली गुडघाभर काळा गाळ. गणपतीत मुंबईहून आलेल्या उंच गाड्या थेट खळ्यापर्यंत नेण्याच्या हौसेत शेताच्या मेरेवर बसतात आणि अर्धी वाडी ढकलायला जमते. हल्ली गावागावांत थार, जिम्नी, गुरखा दिसतात, बागायतदारांकडे फोर बाय फोर पिकअप आल्या आहेत. साहजिकच ‘विंच बसवू का, आणि बसवली तर कुठली?’ हा प्रश्न वारंवार कानावर येतो.

बहुतेक जण याचं उत्तर एका आकड्यात देतात. साडेनऊ हजार पौंडांची घे, नाहीतर सरळ बारा हजारांची घे. आकडा महत्त्वाचा आहेच, त्याचं गणित पुढे मांडलं आहे. पण आपल्या किनाऱ्यावर विंच ताकद कमी पडून क्वचितच दगा देते. ती दगा देते गंजून, क्लचचा दांडा अडकून, वायरीच्या टोकाला चढलेल्या हिरवट थरापायी. तेरेखोल खाडीचं पाणी इथे भरतीला खारं असतं, शिरोड्याची मिठागरं हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ज्या हवेने खिडकीचे गज सडतात तीच हवा बंपरमागच्या मोटारीत शिरते.

२०१४ साली गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही स्पर्धा सुरू झाली. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ पासूनची. तिच्या चित्रफिती पाहून अनेकांनी विंचची नावं पाठ केली आहेत. त्या गाड्या पाहाव्यात जरूर, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या विंच काही दिवस सतत राबतात आणि त्यांना रोज खोलून, पुसून, ग्रीस भरणारे हात सोबत असतात. आपली विंच वर्षातले अकरा महिने गप्प पडून राहणार आणि एखाद्या संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, पहिल्या बटणाला चालायला हवी. म्हणून निवडताना पहिला प्रश्न असा ठेवावा: दोन पावसाळे नुसती पडून राहिल्यावर ही चालेल का? ताकद, वेग, रंग, रिमोट हे सगळं त्यानंतर.

त्याआधी गरज तपासून घ्या. रुतलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा फावडं, दोन फळ्या आणि टायरमधली हवा एवढ्यावर निघतात. ३० पीएसआयच्या आसपास असलेली हवा १८ वर आणली की टायर पसरतो आणि वाळूत किंवा मऊ मातीत गाडी आश्चर्य वाटावं इतक्या सहज हलते. फक्त नंतर हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर हवा. दोन गाड्यांनी मिळून फिरणाऱ्यांना एक चांगला ओढपट्टा पुरतो. विंच खरी लागते ती एकट्याने जाणाऱ्याला: काजूच्या बागेत चढणीवर पिकअप नेणारा, होडी पाण्याबाहेर ओढणारा, आडवाटेच्या वाडीत राहणारा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने जिल्ह्यात झाडं रस्त्यावर पाडली. अशा वेळी कापलेला ओंडका बाजूला ओढायला गाडीवरच्या विंचसारखं दुसरं साधन नाही. मात्र ही विंच आडवं ओढण्यासाठी असते. तिच्यावर माणूस किंवा वजन उभं टांगायचं नाही. विहिरीत उतरायला तर कदापि नाही.

आता गणित. आरसी पुस्तकात रिकाम्या गाडीचं वजन असतं; आपल्याला धरायचं ते भरलेल्या गाडीचं. सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढण्याची ताकद विंचमध्ये असावी. पाच दारांच्या जिम्नीचं भरलेलं वजन सुमारे १,५४५ किलो. दीडपट केलं तर २,३०० किलो, म्हणजे पाच हजार पौंडांच्या थोडं वर. भरलेली थार सव्वादोन टन धरली तर ३,४०० किलो, साडेसात हजार पौंड. माल भरलेला पिकअप तीन टनांचा असेल तर साडेचार हजार किलो, जवळपास दहा हजार पौंड. म्हणून जिम्नीला सहा ते आठ हजार, थार-गुरखाला साडेनऊ हजार आणि मालाच्या पिकअपला दहा ते बारा हजार पौंडांची विंच, असा हिशेब बसतो.

गोची पुढे आहे. डब्यावर छापलेली ताकद असते ती ड्रमवर दोरीचा पहिलाच थर उरलेला असताना. वर जितके थर तितका ड्रमचा घेर मोठा, आणि घेर मोठा तितकी ओढ कमी. चौथ्या थरावर ही घट तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे साडेनऊ हजार पौंडांची, ४,३०० किलोंची विंच दोरी नुसती चार हात बाहेर काढून लावली तर तीन टनही ओढणार नाही. प्रामाणिक कंपनी थरागणिक ताकदीचा तक्ता छापते. ज्या विंचसोबत तो तक्ताच नाही ती घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. तक्त्याशेजारी भारागणिक किती अँपिअर लागतात हेही दिलेलं असतं. विंचच्या ताकदीच्या मोजमापासाठी अमेरिकेत एसएई जे७०६ आणि युरोपात ईएन १४४९२-१ अशी मानकं आहेत. कागदावर यांपैकी एकाचा उल्लेख असला तर आकड्यावर विश्वास ठेवायला थोडा आधार मिळतो.

आणि चिखलाचा भार सपाट जमिनीसारखा नसतोच. सैन्यात रुतलेल्या गाड्या काढणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: चाकाच्या मध्यापर्यंत गाडी बुडाली तर गाडीच्या वजनाइतका जोर धरा, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याहून वर अंगापर्यंत गेली तर तिप्पट. खाजणात मडगार्डपर्यंत बसलेल्या थारला साडेचार टनांची ओढ लागेल. साडेनऊ हजारांची विंच पहिल्या थरावरही तिथे अपुरी पडते.

तेव्हा बारा हजारांची घ्यायची का? थारसाठी माझं उत्तर नाही असं आहे. मोठी विंच जड असते, बॅटरी जास्त खाते आणि पुढचा ॲक्सल दाबून ठेवते. लोखंडी वायरची साडेनऊ हजारांची विंचच चाळीस किलोंच्या घरात जाते, वर प्लेटचं वजन वेगळं; जिम्नीसारख्या हलक्या गाडीचं नाक तेवढ्याने खाली येतं. त्यापेक्षा एक चांगली कप्पी घ्या. बाजारात तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. झाडाला पट्टा बांधून त्यावर कप्पी लावायची, विंचची दोरी तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकाला आणायची. घर्षणात थोडं जातं, पण ओढ जवळपास दुप्पट होते. शिवाय दोरी जास्त बाहेर आल्यामुळे ड्रमवर थर कमी उरतात, आणि तोही फायदा पदरात पडतो. कप्पी मात्र विंचच्या दुप्पट ताकदीची हवी, कारण तिच्यावर दोन्ही दोऱ्यांचा भार एकदम येतो.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. भार नसताना मिनिटाला आठ-दहा मीटर दोरी गुंडाळणारी विंच पूर्ण भाराखाली दीड-दोन मीटरवर येते, आणि कप्पी लावली की गाडी त्याच्याही निम्म्या वेगाने सरकते. जाहिरातीत छापलेला वेग नेहमी बिनभाराचा असतो. मधे मोटार थंड करायला थांबणं आलं. वीस मीटर सरकायला अर्धा तास सहज जातो, कप्पी लावली तर त्याहून जास्त.

खाडीकाठी या अर्ध्या तासाला फार अर्थ आहे. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते, सुकतीनंतर सहा तासांच्या आत पाणी पुन्हा चढलेलं असतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असेल तर ते सावकाश येतं. पुनवे-अमावास्येच्या उधाणात तेच पाणी वेगाने खाजणात पसरतं. एकदा पाणी इंजिनापर्यंत पोचलं की इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे विंच उरलेल्या बॅटरीवर. पाण्याजवळ गाडी नेणाऱ्याने भरतीची वेळ पाहिल्याशिवाय उतरूच नये, आणि विंच घेताना भाराखालचा वेग तक्त्यात पाहून घ्यावा. दोन विंच सारख्याच ताकदीच्या असतील तर भाराखाली जिचा वेग बरा आणि अँपिअर कमी, ती खाडीकाठाला चांगली.

मोटारी दोन जातींच्या येतात. परमनंट मॅग्नेटची मोटार वीज कमी खाते, पण लवकर तापते. थोड्या वेळाच्या हलक्या कामाला ठीक. सीरीज वाउंड मोटार वीज जास्त मागते, मात्र भाराखाली टिकून राहते. रुतलेली भारी गाडी काढायची तर दुसरी घ्यावी. गिअर बहुतेक विंचमध्ये प्लॅनेटरी असतात. वर्म गिअरची विंच संथ, पण भार आपोआप धरून ठेवणारी. प्लॅनेटरीत धरण्याचं काम ब्रेक करतो, आणि तो ब्रेक बहुधा ड्रमच्या आतच असतो. ही गोष्ट दोरीच्या निवडीत पुन्हा येणार आहे.

पाण्यापासून संरक्षणासाठी विंचवर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जाऊ नये. हे वाचून निर्धास्त होणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की ही चाचणी गोड्या पाण्यात, नव्या वस्तूवर होते. खाऱ्या पाण्याने रबरी सीलच्या कडेचा धातू खाल्ला की तीच विंच दोन वर्षांनी ६७ राहत नाही. तरीही ६७ पेक्षा खाली जाऊ नये. आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: याचे ऑइल सील, ओ-रिंग आणि कार्बन सुटे मिळतात का? मिळत असतील तर विंच घेतानाच एक संच घेऊन ठेवा. विंचची मोटार आणि गाडीचा सेल्फ यांत मूलतः फार फरक नाही. सेल्फ-डायनामोचं काम करणारा जवळचा कारागीर कार्बन बदलून, आतला गंज काढून ती पुन्हा उभी करू शकतो. लाँचची इंजिनं सांभाळणाऱ्या मेकॅनिकना तर खाऱ्या पाण्याची खोड आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. सुटे भाग मिळणारी मध्यम विंच मला सुटे भाग न मिळणाऱ्या भारी विंचपेक्षा केव्हाही जवळची वाटते. अमेरिकेची वॉर्न, तैवानची कमअप, चीनची रुनवा अशी नावं बाजारात कानावर पडतील. नाव कुठलंही असो, त्या नावाची सेवा देणारं माणूस म्हापसा, कोल्हापूर किंवा पुण्यात आहे का, हे फोन करून आधी विचारावं.

आता दोरी. हा विषय जरा सविस्तर, कारण जीव जातो तो इथे.

लोखंडी वायर रोप स्वस्त, दगडावर घासली तरी सहन करणारी. पण भाराखाली तिच्यात ताण साठतो आणि तुटली तर ती वेताच्या छडीसारखी उलटून येते. मधे जे येईल त्याला ती कापते. किनाऱ्यावर तिचा दुसरा दोष असा की ती आतून गंजते. वरचा थर चकचकीत दिसतो, आणि ड्रमच्या तळाशी, जिथे ओल साचून राहते तिथे, तारा तुटून सुईसारख्या वर आलेल्या असतात. जुनी विंच विकत घेत असाल तर दोरी पूर्ण सोडायला लावा आणि शेवटचे पाच-सात मीटर हातमोजे घालून बोटांनी चाचपा. तिथे तांबडी भुकटी हाताला लागली तर दोरी बदलण्याची किंमत सौद्यातून वजा करा.

सिंथेटिक दोरी, म्हणजे डायनीमा जातीच्या धाग्याची, हलकी असते, पाण्यावर तरंगते, गंजत नाही आणि तुटली तरी वायरइतकी उसळत नाही. दहा मिलिमीटर जाडीची चांगली दोरी आठ-नऊ टनांपर्यंत तग धरते. खाडीकाठी मी तीच सुचवतो. चिखलात हरवत नाही, मुलगासुद्धा खांद्यावर टाकून झाडापर्यंत नेऊ शकतो. पण तिचे तीन शत्रू आहेत: ऊन, वाळू आणि उष्णता. उन्हासाठी ड्रमवर कापडी झाकण घालावं. वाळूचे कण धाग्यांत शिरून आतून कापत राहतात, म्हणून वापरानंतर बादलीत गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी. उष्णता येते ती ड्रममधल्या ब्रेकमधून. भार धरून दोरी सोडत गेलं, जसं उतारावरून गाडी हळूहळू खाली सोडताना, की ड्रम तापतो आणि आतल्या थराची ताकद घटते. असं काम थांबत थांबत करावं. जांभ्याच्या कडेवर दोरी घासत असेल तिथे जाड गोणपाट ठेवावं.

दोरी बदलली की तोंडही बदलायचं. वायरला रोलर फेअरलीड, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचं. वायरने ओरखडे पडलेल्या जुन्या रोलरमधून नवी सिंथेटिक दोरी ओढली तर ती पहिल्याच पावसाळ्यात फाटते. ॲल्युमिनियमचं फेअरलीड लोखंडी बोल्टने बसवताना मधे ग्रीस किंवा नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना चिकटून बसले की ॲल्युमिनियम झडतं. आणि गंजाला घाबरून विंचच्या पायाचे बोल्ट स्टेनलेसचे करून घेऊ नका. कंपनीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो त्याच्या ताकदीचा. बाजारातला साधा स्टेनलेस बोल्ट तेवढा भार घेत नाही. बोल्ट कंपनीचेच ठेवा, त्यांना ग्रीस लावा, दरवर्षी पाहा.

विजेकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि किनाऱ्यावर निम्मे बिघाड तिथलेच. साडेनऊ हजारांची विंच पूर्ण भाराखाली चारशे अँपिअरच्या आसपास खेचते. गाडीची बॅटरी साठ-सत्तर अँपिअर-तासांची, अल्टरनेटर त्या मागणीच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून इंजिन चालू, ॲक्सिलरेटर थोडा दाबलेला, आणि एका वेळी मिनिटभर ओढून विश्रांती. मोटारीवर हात ठेवा. हात टिकत नसेल तर थांबा. बॅटरी म्हातारी झाली असेल तर विंचच्या आधी बॅटरी बदला.

केबल किमान ३५ चौरस मिलिमीटरची हवी. तिच्या टोकाला लग दाबून बसवून त्यावर रबरी नळी गरम करून आवळलेली असावी. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, पण नळी कापून पाहिली तर तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि त्यांवर हिरवट पांढरी भुकटी, असं किनाऱ्यावर वारंवार आढळतं. हे न कापताही कळतं. विंच भाराखाली चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्ट मोजा, मग मोटारीच्या दोन खुंट्यांवर. फरक एका व्होल्टाहून बराच जास्त असेल तर वीज मधेच वाया जाते आहे. टोकं साफ करा, पेट्रोलियम जेली लावा. कंट्रोल बॉक्स बंपरवर उघड्यावर ठेवण्यापेक्षा बॉनेटखाली उंच जागी बसवून घ्यावा. बॅटरीजवळ हाताने फिरवायचा मेन कटऑफ तर हवाच हवा. आतला काँटॅक्टर कधी चिकटला तर बटण सोडल्यावरही ड्रम फिरत राहतो, आणि त्या क्षणी वीज तोडणारी दुसरी वाट नसते. बिनतारी रिमोट सोयीचा, पण वायरचा रिमोट सोबत असलेलीच विंच घ्यावी.

दुकानात विंच पाहायला गेलात तर ती बॅटरीला जोडून चालवून दाखवायला सांगा. क्लचचा दांडा स्वतः फिरवा. तो दोन बोटांनी, कटकन आवाज करत दोन्हीकडे बसला पाहिजे. नव्या विंचमध्येच जोर लावावा लागत असेल तर पावसाळ्यानंतर तो फिरणारच नाही. खाऱ्या हवेत सर्वांत आधी अडकतो तो हाच दांडा. दोरी मोकळी करून हाताने ओढा, ड्रम एकसारखा फिरतो का पाहा. मग बटण दाबा आणि कान द्या. गिअरचा आवाज एकसुरी हवा. प्रत्येक फेऱ्याला एकदा खरखर येत असेल तर ती विंच बाजूला ठेवा. बटण सोडलं की ड्रम जागच्या जागी थांबला पाहिजे, पुढे घसरता कामा नये. शेवटी विंच उचलून पाहा. बारा हजार पौंड लिहिलेली आणि एका हाताने सहज उचलली जाणारी विंच असेल, तर आकड्यापेक्षा आपल्या हातावर विश्वास ठेवा.

बसवण्याबाबत कायदाही ध्यानात घ्यायला हवा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढचे बुलबार आणि क्रॅश गार्ड यांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा कैद अशी तरतूद आली. त्यामुळे पुढे आलेला लोखंडी बंपर लावून त्यावर विंच मिरवणं टाळा. मूळ बंपरमागे चासीला बोल्टने धरणारी प्लेट, जी खास तुमच्या गाडीसाठी बनवलेली आहे आणि एअरबॅगच्या सेन्सरला अडथळा करत नाही, तीच घ्या. गॅरेजमध्ये अंदाजाने वेल्डिंग केलेली प्लेट नको. चार टनांची ओढ त्या वेल्डिंगवर येणार आहे. नंबरप्लेट झाकली जाऊ नये. ओरोसच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो.

विंच कितीही चांगली असली तरी ती कशाला बांधायची हा प्रश्न उरतोच. आंबा, फणस, जुनी उंडी ही भरवशाची झाडं. खोडाला रुंद पट्टा लावावा, शक्य तितका बुंध्याजवळ. दोरी थेट खोडाभोवती गुंडाळली तर झाडाची साल जाते आणि दोरीही. पोफळीला कधीही बांधू नये. खाडीकडेला माती वाहून गेलेल्या माडाचाही भरवसा धरू नये. जांभ्याचा गडगा मजबूत दिसतो, पण चिरे नुसते एकावर एक रचलेले असतात, ओढ आली की सगळा गडगा गाडीकडे येतो. कांदळाला हात लावायचाच नाही. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, राज्याने त्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला आहे, आणि खाडीचा काठ धरून ठेवणारी झाडं तीच आहेत. झाड नसेल तिथे स्टेपनी उपयोगी पडते. तिला पट्टा बांधून, गाडीकडे पाठ करून, कंबरभर खड्ड्यात उभी पुरायची आणि पट्ट्यासाठी तिरका चर काढायचा. मेहनत आहे, पण वाळूत दुसरा आधार नसतो.

आणि वाळूचं म्हणाल तर किनाऱ्यावर गाडी उतरवण्यासाठी विंच घेऊच नका. शिरोडा, वायंगणी या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा जीव आहे. वाळूखालचं घरटं चालकाला दिसत नाही आणि चाकाखाली ते संपतं.

ओढताना माणसं लांब ठेवण्याची जबाबदारी बटण धरणाऱ्याची. आपल्याकडे गाडी रुतली की बघायला गर्दी होते, पोरं दोरीवरून उड्या मारतात. बाहेर काढलेल्या दोरीच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना उभं करा. दोरीच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, बॉनेट उघडा म्हणजे काच वाचेल. हातमोजे घाला. ताणलेल्या दोरीवरून पाऊल टाकायचं नाही, तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. ड्रमवर वायरचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ठेवूनच ओढायचं. हुक दोरीलाच परत अडकवायचा नाही.

विंच बसवून झाली की पावसाआधी सड्यावर एखाद्या मोकळ्या जागी घरच्या सगळ्या चालकांना तिची सवय करून द्या. नवी दोरी पूर्ण सोडून, हलक्या चढावर गाडीच्याच वजनाने ताणत परत गुंडाळा. ढिली गुंडाळलेली दोरी पुढे भाराखाली खालच्या थरांत घुसून अडकते. त्यानंतर महिन्यातून एकदा, गाडी धुता त्या दिवशी, चार-पाच मीटर दोरी बाहेर काढून परत घ्या, क्लच दोनदा फिरवा, खाडीकडे गेला असाल तर गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोराचा फवारा मात्र सीलवर मारू नका. दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरला की, फिटरकडून मोटारीचं झाकण उघडून कार्बन आणि सील पाहून घ्या. स्वस्त आणि महाग विंचच्या किमतीत तिप्पट-चौपट फरक असतो. बजेट बेताचं असेल तर मधली विंच घ्या आणि उरलेले पैसे झाडाचा रुंद पट्टा, कप्पी, दोन शॅकल, हातमोजे आणि सुट्या सीलचा संच यांवर घाला. हे सगळं एका ताडपत्रीच्या पिशवीत, गाडीच्या मागच्या सीटखाली, कायम असू द्या. पडवीत खुंटीवर टांगलेली कप्पी खाजणात उपयोगी पडत नाही.